पॅसिफिकचे दर्यावर्दी

पॅसिफिक महासागराचा नकाशा समोर पसरला, म्हणजे प्रथम नजरेत भरते ते पाणी. पृथ्वीच्या पाठीचा सुमारे एक तृतीयांश भाग या एकट्या महासागराने व्यापला आहे, आणि मुठीतून तीळ सांडावेत तशी त्यात हजारो बेटे विखुरली आहेत. उत्तरेस हवाई, आग्नेयीस रापा नुई म्हणजेच ईस्टर बेट, आणि नैर्ऋत्येस न्यूझीलंड असे तीन बिंदू जोडले असता जो विशाल त्रिकोण होतो, त्याला पॉलिनेशिया असे नाव आहे. त्याची प्रत्येक बाजू हजारो मैलांची. युरोपची जहाजे या तिन्ही टोकांना प्रथम लागली, तेव्हा तिन्ही ठिकाणी माणसांची वस्ती होती, आणि ती माणसे एकाच कुळातील भाषा बोलत होती. हवाईच्या आणि ताहितीच्या परसात अळू, केळ, ऊस, नारळ आणि नीरफणस, म्हणजेच विलायती फणस, अशी तीच ती झाडे उभी होती. यांतील बहुतेक झाडे आपल्या पायांनी समुद्र ओलांडणारी नव्हेत. कोणीतरी त्यांचे कंद आणि रोपे ओल्या पाल्यात गुंडाळून, खाऱ्या पाण्यापासून जपत, होडीतून आणली असली पाहिजेत. ज्यांच्यापाशी लोखंड नव्हते, होकायंत्र नव्हते, कागदी नकाशा नव्हता, त्यांनी हे कसे साधले, हा इतिहासातील एक मोठा प्रश्न होय.

हा प्रश्न ज्या युरोपीयांना प्रथम तीव्रतेने पडला, त्यांत कॅप्टन जेम्स कुक हा प्रमुख. १७६९ मध्ये तो ताहितीहून निघाला, तेव्हा त्याच्या जहाजावर रायातेआ बेटाचा तुपाइया नावाचा एक विद्वान पुरोहित होता. तुपाइयाच्या माहितीवरून तयार झालेल्या नकाशात चौऱ्याहत्तर बेटे दाखवलेली आहेत. जहाज कितीही वाकड्यातिकड्या मार्गाने गेले, तरी ताहिती कोणत्या दिशेला आहे हे तो विचारताक्षणी दाखवी, अशी त्याची ख्याती होती. १७७० च्या अखेरीस बटेव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, रोगाने त्याचा अंत झाला आणि त्याच्याबरोबर त्याची विद्याही गेली. पुढे १७७८ मध्ये कुक हवाईला पोचला आणि अडीच हजार मैलांवरच्या ताहितीच्या भाषेशी जुळणारे शब्द तेथील लोकांच्या तोंडी ऐकून चकित झाला. या लोकांचे पूर्वज समजून-उमजून समुद्र ओलांडीत आले असावेत, ही शक्यता त्याच्या काळी कोणी हास्यास्पद मानली नाही.

ती हास्यास्पद ठरली ती नंतरच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत. युरोपीय सत्तांनी बेटे वाटून घेतली, देवीसारख्या रोगांनी वस्ती ओसाड केली, मिशनऱ्यांनी जुने विधी बंद पाडले, आणि लांब पल्ल्याच्या नौका बांधणारे हात नाहीसे झाले. ज्या लोकांकडे आता मोठी नौका उरली नव्हती, त्यांच्या आजोबांकडे ती होती यावर विश्वास ठेवणे कठीण झाले. १९४७ मध्ये थोर हेयरडाल हा नॉर्वेजियन प्रवासी पेरूच्या किनाऱ्यावरून ‘कॉन-टिकी’ नावाच्या तराफ्यावर निघाला आणि १०१ दिवसांनी तुआमोतू बेटांतील रारोइआच्या खडकांवर आदळला. पॉलिनेशियात माणूस आला तो पश्चिमेकडून नव्हे, तर दक्षिण अमेरिकेतून, वारा आणि प्रवाह यांच्या ओघाने, असे त्याचे मत होते. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या अँड्र्यू शार्प यांनी दुसऱ्या बाजूने घाव घातला. हे लोक पश्चिमेकडून आले हे त्यांना मान्य होते; पण तीनशे मैलांपलीकडचे बेट हेतुपूर्वक गाठून पुन्हा परत येणे त्यांना अशक्य होते, दूरची बेटे वाट चुकलेल्या आणि वादळाने फेकलेल्या होड्यांनी योगायोगाने वसली, असे त्यांनी प्रतिपादन केले.

शार्प यांचा आक्षेप पोकळ नव्हता. ताऱ्यांवरून दिशा कळते हे ते जाणून होते. त्यांचे म्हणणे असे, की खोल समुद्रात नौका ज्या पाण्यावर तरंगते, ते पाणीच सरकत असते. प्रवाह नौकेला दिवसाला वीस-पंचवीस मैल बाजूला ओढून नेईल आणि आतल्या माणसाला त्याची जाणीवही होणार नाही, कारण भोवतालचे सर्व पाणी त्याच्याबरोबरच चाललेले असते. जमीन दिसत नाही तेथे या सरकण्याचे माप कशाशी घ्यावे? आणि माप न घेता हजारो मैलांवरचा ठिपका कसा सापडावा?

या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयांत नव्हते. ते पश्चिम पॅसिफिकमधील कॅरोलाइन बेटांवरच्या काही मोजक्या माणसांपाशी होते. ही बेटे आज मायक्रोनेशिया संघराज्य या १९८६ मध्ये स्वतंत्र झालेल्या राष्ट्रात मोडतात. स्पेन, जर्मनी, जपान आणि अमेरिका यांच्या अमलाखालून ती एकामागून एक गेली, तरी पुलुवात, सातावल यांसारख्या आडबाजूच्या बेटांवर ताऱ्यांच्या आधाराने नौका हाकण्याची परंपरा खंडित झाली नाही. डेव्हिड लुईस हे डॉक्टरी सोडून समुद्राकडे वळलेले गृहस्थ १९६० च्या दशकात या नाविकांच्या पायाशी बसले, त्यांच्याबरोबर हिंडले, आणि १९७२ मध्ये त्यांनी ती विद्या ग्रंथरूपाने जगापुढे मांडली. त्यातून जी अनेक रहस्ये उलगडली, त्यांतील पहिले निघण्याच्या घटकेशी निगडित आहे.

कॅरोलाइनचा नाविक बेट सोडतो तेव्हा तो पुढे पाहत नाही, मागे पाहतो. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, उदाहरणार्थ बेटाचे एक टोक आणि त्यामागचे उंच झाड, एका रेषेत धरून तो नौका ठरलेल्या ताऱ्याच्या दिशेने हाकतो. प्रवाळाचे सखल बेट होडीतून दहाएक मैलांपर्यंतच दिसते. नारळाचे शेंडे बुडाले की ते संपले. तेवढ्या वेळात त्या दोन खुणा एकमेकींपासून किती आणि कोणत्या बाजूला सरकल्या, यावरून प्रवाहाचा जोर आणि त्याचे तोंड त्याला कळते. मग त्या मानाने तो पुढचा तारा बदलून घेतो. शार्प यांनी विचारलेले माप ते हेच. ते भर समुद्रात घेता येत नाही हे खरे. म्हणून ते निघतानाच घ्यावयाचे असते. जमीन दृष्टीआड होण्यापूर्वीचे ते दोन-तीन तास चुकले, तर पुढचे सगळे दिवस चुकले.

जमीन बुडाली की आकाश उरते. या नाविकांचे ताऱ्यांचे होकायंत्र बत्तीस दिशांचे आहे. शिकवताना ते जमिनीवर खडे वर्तुळाकार मांडून त्याची आकृती काढतात. प्रत्येक खडा म्हणजे एखादा ठळक तारा क्षितिजावर जेथे उगवतो अथवा मावळतो ती जागा. त्यातील तारे आपल्याकडच्या कोणाही पंचांग जाणणाऱ्याला ओळखीचे वाटतील: उत्तरेस ध्रुव, नंतर अभिजित, कृत्तिका, रोहिणी, पूर्वेच्या जवळपास श्रवण, पुढे मृगातील तीन तारे, हस्त, ज्येष्ठा, मूळ, आणि दक्षिणेस त्रिशंकू. आपल्या पूर्वजांनी या नक्षत्रांवर मुहूर्त आणि पेरण्या बांधल्या. तिकडच्यांनी त्यांच्यावर वाटा बांधल्या. एक तारा वर चढून दिशादर्शनाला निरुपयोगी झाला की त्याच जागी उगवणारा दुसरा तारा धरावयाचा, अशी रात्रभराची ताऱ्यांची माळ नाविकाला पाठ असावी लागते.

दिवसा आणि ढगाळ रात्री तारे नसतात, तेव्हा लाटा असतात. या लाटा म्हणजे वाऱ्याने क्षणभर उठणारा खवळा नव्हे, तर दूरच्या स्थिर वाऱ्यांनी उठवलेले आणि दिवसेंदिवस एकाच दिशेने चालणारे लांब उमाळे. दोन-तीन दिशांचे उमाळे नौकेखाली एकमेकांना छेदून जातात, आणि अनुभवी नाविक नौकेत आडवा पडून पाठीला होणाऱ्या हेलकाव्यांवरून त्यांना वेगळे ओळखतो. आपण किती अंतर काटले याचा हिशेब ठेवण्याची त्यांची रीत तर अधिकच नवलाची. नौका स्थिर आहे आणि बेटेच तिच्या बाजूने मागे सरकत आहेत, असे ते कल्पितात. वाटेच्या एका बाजूला असलेले, डोळ्यांना कधीच न दिसणारे एखादे बेट एका ताऱ्याखालून दुसऱ्या ताऱ्याखाली गेले, म्हणजे प्रवासाचा एक टप्पा पुरा झाला. हे सारे गणित तोंडी चालते.

सातावल हे दीड चौरस किलोमीटरही न भरणारे, जेमतेम पाचशे वस्तीचे बेट. तेथे १९३२ मध्ये माऊ पियाइलुग यांचा जन्म झाला. आजोबांनी त्यांना नाविक करावयाचे ठरवले आणि अगदी लहानपणी त्यांना भरतीच्या डबक्यांत बसवून पाण्याची ओढ अंगाला समजू दिली, असे सांगतात. अठराव्या वर्षाच्या सुमारास ‘प्वो’ या दीक्षाविधीने ते ‘पालू’, म्हणजे अधिकारी नाविक झाले. परंतु त्यांच्यानंतर सातावलवर प्वोचा विधी थांबला. बेटावर ख्रिस्ती धर्म आला होता, मुले दूरच्या शाळांत जाऊ लागली होती, यंत्राच्या बोटी आल्या होत्या. ज्या विद्येने पूर्वजांना जगवले, ती शिकावयास कोणी येत नाही, हे माऊ यांना डोळ्यांसमोर दिसत होते.

त्याच सुमारास तीन हजारांहून अधिक मैलांवर हवाईमध्ये नेमकी उलटी अवस्था होती: तेथे शिकू इच्छिणारे होते, पण शिकवणारा उरला नव्हता. हवाईचे राज्य १८९३ मध्ये उलथले गेले, १८९८ मध्ये अमेरिकेने ते आपल्यात सामील करून घेतले, आणि शाळांतून हवाईयन भाषाही हद्दपार झाली. आपले पूर्वज लाटांबरोबर वाहत आलेले कोणी दुर्दैवी लोक होते, हे मत तेथील तरुणांना निमूटपणे ऐकून घ्यावे लागे. १९७३ मध्ये मानवशास्त्रज्ञ बेन फिनी, चित्रकार हर्ब कावाइनुई काने आणि जलपटू टॉमी होम्स यांनी एक संस्था स्थापून शार्प यांना समुद्रावरच उत्तर देण्याचे ठरवले. ८ मार्च १९७५ रोजी ओआहू बेटावर बासष्ट फुटी जोडनौका पाण्यात उतरली. आपल्या कोकणात होडीला तोल सावरण्यासाठी उलांडी बांधतात, ती श्रोत्यांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पॉलिनेशियाच्या छोट्या होड्यांना अशीच उलांडी असते. मोठ्या प्रवासाच्या नौकेत मात्र उलांडीच्या जागी दुसरे पूर्ण नौकाखोडच जोडतात आणि दोहोंवर फळ्यांचा मंच घालतात. नव्या नौकेच्या बांधणीत आधुनिक साहित्य होते, पण तिचा आकार आणि खेकड्याच्या नांगीसारखी तिची शिडे जुन्या धाटणीची होती.

तिचे नाव ठेवले ‘होकुलेआ’, म्हणजे आनंदाचा तारा. हा तारा म्हणजे आपली स्वाती. स्वाती हवाईच्या बरोबर माथ्यावरून जाते, म्हणून घरी परतणाऱ्याला ती ‘आता तुझे बेट याच अक्षांशावर’ असे सांगते. मुंबईही जवळजवळ त्याच अक्षांशावर असल्याने वैशाखातल्या रात्री हीच स्वाती मुंबईकराच्याही डोक्यावरून जाते. ताहितीच्या माथ्यावरून त्याच रीतीने व्याध जातो.

हवाईत वाट जाणणारा कोणी नसल्याने माऊ पियाइलुग यांना पाचारण करण्यात आले, आणि त्यांनी ते स्वीकारले. यातील साहस सहज ध्यानात येत नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेचा समुद्र त्यांनी कधी कापला नव्हता. तेथे ध्रुव दिसेनासा होतो आणि ओळखीच्या ताऱ्यांची उंची बदलते. होनोलुलूच्या तारांगणात त्यांना दक्षिणेचे आकाश दाखवण्यात आले, आणि तेथील वारे व प्रवाह यांची माहिती सांगण्यात आली. बाकी भिस्त त्यांच्या विद्येवर होती.

१ मे १९७६ रोजी माउई बेटाच्या होनोलुआ उपसागरातून होकुलेआ निघाली. नौकेवर घड्याळ, होकायंत्र, नकाशा यांपैकी काहीही वापरावयाचे नव्हते. बरोबर डुक्कर, कुत्रा आणि कोंबड्या होत्या. पाल्यात गुंडाळलेले कंद आणि रोपे होती. मागून एक साथीचे जहाज येत होते, पण नौका कोठे आहे याची त्याने केलेली नोंद नौकेवर कळवावयाची नव्हती. ताहिती हवाईच्या थेट दक्षिणेस नाही, बरीच पूर्वेकडे आहे, आणि वारे व प्रवाह दोन्ही नौकेला पश्चिमेकडे लोटतात. तेव्हा प्रारंभीच्या दिवसांत वाऱ्याच्या तोंडावर जात होईल तेवढे पूर्वेकडे सरकून ठेवणे अगत्याचे होते. पुढे विषुववृत्ताजवळचा निर्वात पट्टा आला. शिडे लोंबू लागली, पाऊस, उकाडा आणि कंटाळा यांनी माणसे त्रासली. काही खलाशी नाविकाचे आणि कप्तानाचे ऐकेनासे झाले. माऊ मात्र अर्धवट झोपेत, सुकाणूजवळ बसून, मनातली बेटे सरकवीत होते.

ठिपका कसा सापडावा, या शार्प यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता मिळावयाचे होते. नाविक ठिपका शोधत नाही, तो जाळे शोधतो. ताहितीच्या उत्तरेस आणि पूर्वेस तुआमोतू बेटांची शेकडो मैल लांबीची रांग आहे. शिवाय प्रत्येक बेटाभोवती त्याच्या खुणांचे मोठे वर्तुळ असते: सकाळी मासे धरण्यास समुद्रावर जाणारे आणि संध्याकाळी घरट्याकडे परतणारे पक्षी, बेटाला आपटून वळणाऱ्या लाटा, उथळ खाडीच्या प्रतिबिंबाने पोटाशी हिरवट दिसणारे ढग. महिनाभराच्या प्रवासानंतर पांढरे सुरय पक्षी दिसले. माऊ यांनी जमीन जवळ असल्याचे सांगितले, आणि पाठोपाठ मातायवा हे प्रवाळबेट लागले. तेथून ताहिती दोन दिवसांचा पल्ला. ४ जूनला होकुलेआ पापेएतेच्या बंदरात शिरली, तेव्हा सुमारे सतरा हजार लोक धक्क्यावर, झाडांवर, छपरांवर जमले होते. एवढ्या छोट्या बेटावर इतकी गर्दी पूर्वी कोणी पाहिली नव्हती.

विजयाच्या या क्षणी माऊ यांचे मन मात्र विटलेले होते. नौकेवरची बेदिली शेवटी हातघाईवर आली होती, आणि विद्या शिकू पाहणाऱ्यांचे हे वर्तन त्यांना रुचले नाही. ते विमानाने घरी निघून गेले. होकुलेआला परत येताना आधुनिक साधनांचा आधार घ्यावा लागला. पुढे १६ मार्च १९७८ रोजी ती पुन्हा ताहितीकडे निघाली आणि पहिल्याच रात्री मोलोकाईजवळच्या खवळलेल्या खाडीत उलटली. एडी आइकाऊ हा नामांकित जीवरक्षक मदत आणण्यासाठी लाटांवरच्या फळीवर बसून लानाई बेटाच्या दिशेने गेला. त्यानंतर तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. बाकीच्यांची सुटका झाली.

या मृत्यूनंतर नाइनोआ थॉम्प्सन नावाचा तरुण सातावलच्या गुरूकडे गेला, आणि माऊ यांनी राग विसरून १९७९ मध्ये हवाईला येऊन त्याला शिकवले. शेवटच्या परीक्षेची हकीकत प्रसिद्ध आहे. एका कड्यावर उभे करून त्यांनी शिष्याला ताहितीची दिशा विचारली. त्याने हात दाखवला. मग ते बेट दिसते का, असे विचारले. डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचे चित्र मनात दिसते, असे त्याने उत्तर दिले. ते चित्र हरवू नकोस, एवढेच गुरूने सांगितले. १९८० मध्ये थॉम्प्सन यांनी यंत्राविना होकुलेआ ताहितीला नेली आणि परत आणली. माऊ नौकेवर होते, पण गप्प बसून होते.

एका नौकेने प्रवास केला म्हणून हजार वर्षांपूर्वीही तो झालाच होता, असे सिद्ध होत नाही. परंतु शार्प यांनी ‘अशक्य’ म्हणून घातलेली कडी निघाली, आणि इतर पुरावा आत येऊ शकला. १९७३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या संगणकाच्या गणिताने दाखवले होते, की केवळ वाहत जाणाऱ्या होड्या पॉलिनेशियाच्या अन्य बेटांवरून हवाईला जवळजवळ कधीच पोचत नाहीत. न्यूझीलंडच्या जेफ्री अर्विन यांनी पूर्वेकडील प्रसाराचे मर्म सांगितले: नित्याच्या वाऱ्याविरुद्ध शोधास जाणे हीच सावधगिरी होय, कारण जमीन सापडली नाही तरी तोच वारा परत घरी आणतो. तुआमोतूतील नापुका बेटावर १९३० च्या दशकात मिळालेल्या एका दगडी वाकसाचा दगड हवाईच्या काहोओलावे बेटावरचा आहे, असे २००७ मध्ये रासायनिक परीक्षेने निश्चित झाले. दगड वाहत जात नाही; तो कोणीतरी नेला. हेयरडालच्या मताचाही एक अंश शिल्लक राहिला. पॉलिनेशियात रताळे दक्षिण अमेरिकेतून आले, आणि तिकडच्या लोकांशी सुमारे आठशे वर्षांपूर्वी संबंध आल्याच्या खुणा २०२० मध्ये बेटकऱ्यांच्या रक्तात आढळल्या. मूळ वस्ती मात्र पश्चिमेकडूनच आली, यात आता शंका उरलेली नाही. काहोओलावेच्या ज्या टोकाशी दक्षिणेची वाट सुरू होते, त्याचे जुने नावच ‘ताहितीकडची वाट’ अशा अर्थाचे आहे. लोक ते नाव पिढ्यान्‌पिढ्या घेत होते. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ विचारात घेतला नव्हता.

होकुलेआ पुढे न्यूझीलंड आणि रापा नुई येथे जाऊन त्रिकोणाची तिन्ही टोके गाठून आली, आणि २०१४ ते २०१७ या काळात तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. हवाईच्या लोकांनी आपल्या गुरूसाठीही एक जोडनौका बांधली आणि २००७ मध्ये ती सातावलला पोचवली. त्या वर्षी १८ मार्चला, पन्नासहून अधिक वर्षांनंतर, त्या बेटावर प्वोचा विधी पुन्हा झाला. माऊ यांनी सोळा जणांना दीक्षा दिली. त्यांत पाच हवाईचे होते, आणि त्या पाचांत थॉम्प्सन होते. कुळाबाहेरच्यांना ही विद्या देऊ नये, असा आक्षेप त्यांच्या काही बांधवांनी पूर्वीच घेतला होता. माऊ यांनी तो मानला नाही, कारण दिली नाही तर ती आपल्याबरोबर संपेल हे त्यांना स्पष्ट दिसत होते. १२ जुलै २०१० रोजी सातावललाच त्यांचे देहावसान झाले.

त्यांना भेट मिळालेल्या नौकेचे नाव ‘आलिंगानो माइसू’. वाऱ्याने झाडावरून आपोआप गळून पडलेल्या नीरफणसाला तिकडे ‘माइसू’ म्हणतात. झाडावरचे फळ मालकाचे असते. माइसू मात्र जो उचलील त्याचे.